दिवाळीची वही : लिहिणाऱ्या मैत्रिणीसाठी

गेल्या दिवाळीत मी माझ्या मैत्रिणीला हाताने बांधलेली वही दिली होती. जाड पुठ्ठा, कातडी पाठ, कोपऱ्यांनाही कातडं. तेव्हापर्यंतच्या माझ्या कामातलं ते सगळ्यात नेटकं बाइंडिंग होतं. ती कथा लिहिते, दोन-तीन दिवाळी अंकांत तिच्या कथा येतात, तेव्हा तिला वहीशिवाय दुसरं काय द्यायचं, असा माझा साधा हिशेब.

या वर्षी जुलैत नागपुरात झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघात एक कार्यक्रम होता. तो संपल्यावर तिच्या घरी गेले, तर वही काचेच्या कपाटात, कोरी. मी काही बोलायच्या आतच तीच म्हणाली, "इतक्या सुंदर वहीत खाडाखोड कशी करू वं मी?" आणि टेबलावर तिचं खरं लिखाण पडलं होतं : शाळेच्या मुलांची दोनशे पानी वही, बॉलपेन, पानापानावर काट आणि बाण.

त्या संध्याकाळपासून हे काम सुरू झालं. बाइंडिंग करणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून टिपणं एकत्र करून ठेवते आहे.

पोळ्याच्या आधीचा आठवडा

तिच्या कथेचा एक कच्चा खर्डा मागून आणला आणि पट्टी घेऊन बसले. दहा ओळी मोजल्या, 118 मिमी भरल्या. म्हणजे एका शिरोरेघेपासून दुसरीपर्यंत सरासरी जवळजवळ 12 मिमी. ती लिहीत होती त्या वहीच्या रेघा मात्र 8 मिमीवर. म्हणून ती मधे मधे एक ओळ सोडून लिहिते, आणि जिथे सोडत नाही तिथे दोन ओळी चिकटतात. एका ठिकाणी वरच्या ओळीत 'धू' होता आणि बरोबर त्याच्या खाली 'कै'. वरचा दीर्घ उकार खालच्या दोन मात्रांत असा अडकला होता, की तिने दोन्ही शब्द खोडून समासात पुन्हा लिहिले होते. आपली अक्षरं रेघेला लटकतात, वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. एवढा पसारा 8 मिमीत मावत नाही. बाजारातल्या सुंदर डायऱ्यांत तर अंतर याहून कमी असतं. लिहिणाऱ्या माणसाला वही द्यायची असेल तर आधी त्याच्या हस्ताक्षराचं माप घ्यावं, हे मला या एका पानाने शिकवलं.

दुसरी गोष्ट दिसली ती समासाची. डावीकडे जवळजवळ दोन इंच जागा ती सोडते आणि सगळ्या दुरुस्त्या तिथे करते.

मारबतीनंतर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, तेव्हा इतवारी-महालात पाऊल ठेवायला जागा नसते, म्हणून दोन दिवस थांबून कागदाला गेले. 80 जीएसएमचा (चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो म्हणजे छपाई-लिखाणाचा गुळगुळीत कागद, 23 बाय 36 इंचाचा ताव, अर्धा दस्ता म्हणजे बारा ताव घेतले. 100 जीएसएम हातात फार छान लागतो, पण तो का घेतला नाही ते पुढे सांगते.

दुकानाच्या शेजारी लाल खातेवह्यांची थप्पी लागली होती. लक्ष्मीपूजनाला व्यापारी पुजतात त्या. मी या वह्या लहानपणापासून बघते, पण त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या. मऊ कापडी पाठ, पुठ्ठा नाही, कण्यावर पांढऱ्या दोऱ्याचे टाके उघडे. पानांवर छापील रेघ नाही. पानाला उभ्या घड्या घालून रकाने पाडलेले, जमा इकडे, नावे तिकडे. वर्षभर रोज उघडली जाणारी, मांडीवर घेऊन लिहायची, गुंडाळून बगलेत मारायची वही. पूजा होते आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यात आकडे पडतात. माझ्या गेल्या वर्षीच्या वहीत नेमकं हेच नव्हतं. तिथेच ठरलं : कातडं नाही, पुठ्ठा नाही. खातेवहीसारखी मऊ वही, आणि समासासाठी उभी घडी.

भाद्रपद, कागदावरचे दिवस

तावाचा हिशेब असा. 23 बाय 36 चा ताव कापला की साडेअकरा बाय नऊचे आठ तुकडे होतात. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला की पावणेसहा बाय नऊ. चार तुकडे एकात एक घातले की सोळा पानांचा (पान म्हणजे कागदाची एक बाजू) एक जुज. म्हणजे एका तावाचे दोन जुज. तीन जुजांची एक वही, 48 पानं. अशा चार वह्या, 192 पानं, सहा ताव. शेवटी कडा कापून डेमी मापावर, साडेपाच बाय साडेआठवर आणायच्या. एक जाडजूड वही देण्यापेक्षा चार बारीक द्याव्यात, म्हणजे एका कथेला एक वही होईल आणि बिघडली तर एकच बिघडेल, हा विचार.

घाईत मी कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, न तपासता पहिले दोन ताव कापले आणि ते गेले. घडी उभी राहीना, पान उघडं ठेवलं की फणकारून मिटायचं. महालातल्या एका बाइंडर काकांकडे मी शिकंजा (वह्या दाबून धरायचं यंत्र) वापरायला जाते. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "ताई, पट्टी ओली करून पाह्यली काय?" कागदाची पट्टी एका बाजूने ओली केली की ती वळून नळी होते, आणि नळी ज्या दिशेने आडवी पडते तोच धागा. धागा वहीच्या कण्याला समांतर हवा. 36 इंची बाजूला समांतर धागा असलेले ताव मग बदलून आणले. आपल्याकडे याला अजून एक कारण आहे. उन्हाळ्यात तिच्या खोलीत कूलर चालतो, कागद ओल धरतो आणि धाग्याला आडवा फुगतो. आडव्या धाग्याची वही मे महिन्यात कण्यापाशी लाटा धरेल.

शाईची चाचणीही त्याच दृष्टीने केली. एक पान कोरड्या कपाटातलं, एक रात्रभर कूलरपुढे ठेवलेलं. दोन्हींवर तेच वाक्य, तेच पेन. कूलरपुढच्या पानावर शाई जरा फुटली, अनुस्वार पसरून मोठे झाले. 80 च्या या कागदावर ते चालण्याजोगं होतं. आधी आणलेल्या ऑफिसच्या 70 च्या कागदावर पाठीमागेही उमटलं, तो बाद.

आता 100 जीएसएमचं. वहीत मी रेघा छापत नाही, पानाखाली ठेवायचा रेघांचा कागद देते आहे. 12 मिमी अंतराच्या काळ्या ठळक रेघा, पानात पंधरा ओळी. 80 मधून त्या संध्याकाळच्या दिव्यातही दिसतात, 100 मधून नाही. एवढ्यासाठी तो सुंदर कागद सोडला आणि त्याचं वाईट वाटत नाही.

नवरात्र

कापड लाल खारवा, म्हणजे जाडंभरडं सुती. इथे मोठी चूक झाली. कोरं कापड न धुता खळ लावून चिकटवलं आणि सकाळी बघते तर खळीच्या ओलीबरोबर रंग उतरून पहिल्या जुजाच्या कडेला गुलाबी पट्टा आलेला. ती वही उसवली. मग कापड मिठाच्या पाण्यात रात्रभर घातलं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतलं, इस्त्री केली, आणि मागून आधी पातळ कागद चिकटवून वाळवला. आता खळ वर झिरपत नाही आणि कापडाच्या दशाही सुटत नाहीत. खळ मैद्याची, एकास पाच पाणी, मंद आचेवर काचेसारखी दिसेपर्यंत. काका कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकतात. मी टाकत नाही : घरात लहान मुलं आहेत आणि तांब्याच्या क्षाराने कागद पुढे जळकट पडतो. ताजी करते, उरली तर फ्रिजमध्ये दोन दिवस.

शिलाई कण्यातून आरपार, पाच भोकं, मेण लावलेला दुहेरी दोरा, टाके बाहेर दिसणारे. बांधायला बंद म्हणून माझ्या आत्याच्या फाटलेल्या करवतकाठी टसर साडीचा काठ कापला. करवतीचे दाते लाल खारव्यावर फार उठून दिसतात. आत्याने स्वतः कात्री लावून दिला.

कोजागिरी

पेनाचं लवकर उरकलं. ती बॉलपेन दाबून लिहिते, मधल्या बोटाला घट्टा पडलाय. चपटी निब घेऊन पाहिली, काना जाड आणि शिरोरेघ केसासारखी बारीक येते, पाहुण्या हाताचं अक्षर वाटतं. बारीक निब तिच्या दाबाने कागद ओरबाडेल. स्टीलची मध्यम गोल निब घेतली, भारतीय बनावटीचं साधं पेन. शाई काळी, कॅम्लिनची. 1931 मध्ये दांडेकरांनी मुंबईत 'हॉर्स ब्रँड' शाईच्या पुडीने सुरुवात केली तीच ही कंपनी. निळी रॉयल ब्लू मला स्वतःला आवडते, पण पाण्याचा थेंब पडला की शब्द जातो, आणि ती चहाचा कप वहीवरच ठेवते.

दिवाळी अंक मात्र यंदा भेटीत नाही. 1909 मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे दिवाळीला वाचायला देण्याची रीत आहे, आणि ती चांगलीच आहे. पण तिच्याकडे अंक येतातच. तिला लिहायला जागा हवी आहे.

आज

तीन वह्या शिवून पाट्याखाली दाबून ठेवल्या आहेत. समासाची घडी प्रत्येक पानाला डावीकडून दोन इंचांवर, चमच्याच्या पाठीने दाबून घातली. 144 पानं, म्हणजे 72 घड्या. दोन संध्याकाळी गेल्या. घडी दोन्ही बाजूंनी दिसते, तेव्हा मागच्या पानावर समास उजवीकडे येतो. तिला विचारलं नाही, पण तिच्या खर्ड्यात मागच्या पानांवर दुरुस्त्या उजवीकडेच सरकलेल्या होत्या.

पहिल्या वहीचं पहिलं पान मी स्वतः उघडलं. व्यापारी लिहितात तसा वर 'श्री' काढला. त्याखाली तिच्यासाठी घेतलेल्या पेनाने एक वाक्य लिहिलं, त्यातला एक शब्द काटला, बाण काढून दुसरा समासात लिहिला. आता ही वही कोरी नाही.

चौथीचा खारवा वाळतो आहे. उद्या भोकं, परवा शिलाई. वसुबारसेला तिच्याकडे नेऊन द्यायच्या आहेत.