ऑपरेशन ठरलंय आणि थायरॉईडची गोळी चालू आहे, तर हे आधी वाचा

माझं पित्ताशयाचं ऑपरेशन या उन्हाळ्यात झालं, दुर्बिणीतून, आता मी बरी आहे, घरातलं सगळं करतेय. पण ते होण्याआधी थायरॉईडपायी जे थांबावं लागलं आणि त्यात जे जे कळलं ते लिहायचं कधीचं मनात होतं. आपल्याकडे जवळपास प्रत्येक घरात थायरॉईडची गोळी घेणारं कुणीतरी असतंच, आणि ऑपरेशन ठरलं की सगळे शुगर विचारतात, बीपी विचारतात, थायरॉईडचं मात्र "हां ती एक सकाळची गोळी असते" एवढ्यावरच संपतं. ते तिथं संपू नये असं मला मनापासून वाटतं.

मला हायपो आहे, म्हणजे ग्रंथी कमी काम करते. धाकट्याच्या बाळंतपणानंतर लागलं, तेव्हापासून ७५ मायक्रोग्रॅमची गोळी, आणि टीएसएच (रक्तातली थायरॉईडची तपासणी, ग्रंथी कमी चालली की हा आकडा वाढतो) वर्षानुवर्षं चांगलं असायचं. मग गेल्या वर्षी पोटात दुखायला लागलं, जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि पार पाठीत खांद्यापर्यंत जायची. आधी ॲसिडिटी समजून पॅन्टोप्राझोल दिलं, सकाळी उपाशीपोटी घ्या म्हणाले, आणि त्याच डॉक्टरांनी हाडांसाठी कॅल्शियमही लिहून दिलं, ते नाश्त्याबरोबर. थायरॉईडची गोळी पण सकाळी उपाशीपोटीच, त्यामुळे सगळं एकाच तासात पोटात. कित्येक महिने असं चाललं. शेवटी इथं सोलापुरात होटगी रोडला सोनोग्राफी केली तेव्हा पित्ताशयात खडे निघाले, सर्जन म्हणाले काढून टाकू, फिटनेस करून आणा, म्हणजे भूल द्यायला तब्येत ठीक आहे का ते तपासून आणा.

फिटनेससाठी फिजिशियनकडे गेले तर त्यांनी ईसीजी, हिमोग्लोबिन, सोडियम, शुगर असं सगळं लिहिलं आणि खाली टीएसएच आणि फ्री टी-४, म्हणजे रक्तातलं प्रत्यक्ष थायरॉईडचं हार्मोन. रिपोर्ट आला, टीएसएच ३२. नॉर्मल साधारण ०.४ ते ४ पर्यंत धरतात. फ्री टी-४ पण खाली, नाडी मंद. गोळी तर एक दिवस चुकलेली नाही! मग त्यांनी बाकीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या मागितल्या आणि उलगडा झाला. थायरॉईडची गोळी नीट शोषली जायला पोटात ॲसिड लागतं, पॅन्टोप्राझोल ते कमी करतं, आणि कॅल्शियम त्या गोळीला पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. लोहाच्या गोळ्यांचंही तसंच. म्हणून कॅल्शियम आणि लोह थायरॉईडच्या गोळीपासून किमान ४ तास लांब ठेवायचं असतं, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे बघा, पित्ताच्या खड्यांचं दुखणं ॲसिडिटी समजलं गेलं, ॲसिडिटीच्या गोळीनं थायरॉईड बिघडलं, आणि बिघडलेल्या थायरॉईडमुळे खड्यांचंच ऑपरेशन अडलं.

भुलीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून स्पष्ट सांगितलं की हे ऑपरेशन तातडीचं नाही, आधी थायरॉईड जागेवर आणू, मग भूल देऊ. घरी आल्यावर जे व्हायचं तेच झालं. सासूबाई म्हणाल्या, "ठरलंय तर उरकून टाका की, उगं कशाला लांबवता." ह्यांना वाटलं एवढ्याशा गोळीसाठी ऑपरेशन पुढं ढकलतंय का कुणी. त्यात पुतणीचं लग्न तोंडावर. मग मी ह्यांना घेऊनच परत डॉक्टरांकडे गेले, आणि हे मी सगळ्यांना सांगेन, घरातल्या निर्णय घेणाऱ्या माणसाला त्या खोलीत बसवाच, आपण घरी येऊन समजावलेलं कुणी ऐकत नाही.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते असं. थायरॉईड खूपच कमी असेल तर सगळं शरीरच हळू चालतं, हृदय मंद, आतडी मंद, आणि लिव्हरही औषधं हळू हळू बाहेर टाकतं. अशा माणसाला भूल आणि झोपेची, दुखण्याची औषधं जास्त लागू पडतात, ऑपरेशन चालू असताना बीपी खाली जाऊ शकतं, अंग लवकर गार पडतं, सोडियम कमी होऊ शकतं, नंतर जाग यायला वेळ लागतो, श्वास उथळ राहू शकतो. इन्फेक्शन झालं तरी कधी कधी ताप येत नाही त्यामुळे लक्षात यायला उशीर होतो. आणि फार म्हणजे फारच दुर्लक्ष झालेलं असेल तर ऑपरेशनच्या ताणानं पेशंट मिक्सिडिमा कोमापर्यंत, म्हणजे थायरॉईड अतिशय कमी पडून बेशुद्ध होण्यापर्यंत जाऊ शकतो, क्वचित होतं पण जिवावरचं असतं. हे ऐकल्यावर हे गप्प झाले आणि म्हणाले, थांबू या.

पण उलटी बाजूही तितकीच खरी आहे, नाहीतर हे वाचून कुणीतरी घाबरून ऑपरेशन रद्द करायचं. टीएसएच थोडंसंच वाढलेलं असेल, समजा ६-७, आणि फ्री टी-४ नॉर्मल असेल तर साधारणपणे ऑपरेशन थांबवत नाहीत. आणि अपेंडिक्स फुटायला आलंय, ॲक्सिडेंट आहे, सिझर करायचंय, अशा वेळी थायरॉईडसाठी कुणी थांबत नाही, थांबूही नये, डॉक्टर त्या हिशोबानं काळजी घेऊन करतात. फक्त त्यांना माहिती पाहिजे की थायरॉईड आहे, शेवटचा रिपोर्ट काय होता आणि गोळी किती पॉवरची. म्हणून माझ्या मोबाईलमध्ये आता गोळीच्या बाटलीचा फोटो आणि शेवटचा रिपोर्ट कायम असतो आणि ह्यांच्याही मोबाईलमध्ये पाठवून ठेवलाय.

थांबायचं म्हणजे किती, तर साधारण ६ आठवडे. डोस बदलला की टीएसएच स्थिर व्हायला तेवढे लागतातच, आठवड्यानं परत तपासून काही कळत नाही, पैसे जातात फक्त. माझा डोस १०० केला, पॅन्टोप्राझोल बंद केलं, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. म्हणजे ज्याचं ऑपरेशन ठरवून करायचं आहे, हर्निया, गुडघा, पित्ताशय, काहीही, त्यानं तारीख पक्की करायच्या आधी टीएसएच करून घ्यावं, ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी नाही. आदल्या दिवशी कळून करणार काय?

आणि एक, बायकांसाठी खास. थायरॉईडमध्ये केस गळतात म्हणून आपण बायोटिनच्या (केसांसाठीचं व्हिटॅमिन) गोळ्या घेतो. त्या बायोटिनमुळे काही लॅबच्या मशीनवर टीएसएच खोटं कमी दिसतं आणि टी-४ खोटं जास्त दिसतं, म्हणजे आत हायपो असताना रिपोर्ट छान! तपासणीच्या किमान २ दिवस आधी त्या बंद ठेवायच्या आणि लॅबवाल्याला सांगायचं. डोस मोठा असेल तर किती आधी बंद करायच्या ते डॉक्टरांना विचारा.

ते ६ आठवडे माझे एप्रिल-मे मध्ये आले, सोलापूरचा उन्हाळा, वर तेलकट पूर्ण बंद. कडक भाकरी आणि शेंगा चटणी म्हणजे आमचा जीव, पण तेलातुपानं पित्ताशयाची कळ उठते म्हणून चटणीही बंद, मुगाची आमटी, भाकरी, दोडका, एवढंच. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की ताप आला, डोळे पिवळे झाले, किंवा कळ थांबतच नाही असं झालं तर ६ आठवड्यांची वाट बघायची नाही, सरळ यायचं. उन्हाळ्याचं सांगायचं कारण वेगळं पण आहे. थायरॉईडची गोळी उष्णतेनं, उजेडानं आणि दमटपणानं खराब होते, तिचा जोर कमी होतो. आमच्या स्वयंपाकघरात बाटली गॅसजवळच्या फळीवर असायची, पश्चिमेची खिडकी, दुपारी भिंतसुद्धा तापते. मी ती आतल्या खोलीतल्या कपाटात हलवली. सोलापुरात, विदर्भात राहणाऱ्यांनी हे खरंच मनावर घ्या, बाटलीवर तापमान लिहिलेलं असतं ते वाचा आणि गोळ्या बाटलीतून काढून डब्यात ओतून ठेवू नका.

परत तपासणी केली, टीएसएच ३ च्या आसपास आलं, तारीख मिळाली.

भुलीच्या डॉक्टरांनी ऑपरेशनआधी जे विचारलं ते सांगते, म्हणजे तुम्ही उत्तरं तयार ठेवाल. गळ्याला गाठ किंवा सूज आहे का, उताणं झोपल्यावर श्वास अडकतो का, किती उशा लागतात, गिळताना घास अडकतो का, आवाज बसलाय का. मला वाटलं पोटाच्या ऑपरेशनला गळ्याचं काय, तर पूर्ण भुलीत श्वासनलिकेत नळी घालतात आणि थायरॉईडची गाठ मोठी असेल तर ती श्वासनलिकेला दाबते किंवा बाजूला सरकवते, मग नळी घालणं अवघड जातं, म्हणून गरज वाटली तर मानेचा एक्स-रे किंवा सीटी करतात. गाठ दिसत नसली तरी आवाज बदललाय, झोपल्यावर गुदमरतं, असलं काही असेल तर आपणहून सांगा. घोरता का हे पण विचारलं. शिवाय गावठी औषधं, काढे, वजन कमी करायच्या पावडरी, सगळं सांगायला लावलं. सोया प्रोटीनची पावडरसुद्धा थायरॉईडच्या गोळीच्या आड येते, हे तिथंच कळलं.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो ऑपरेशनच्या दिवशीच्या गोळीचा. सिस्टर सांगतात रात्री १२ नंतर पाण्याचा थेंब नाही, आणि आपण घाबरून सगळ्याच गोळ्या सोडतो. शुगरच्या गोळ्या त्या दिवशी बऱ्याचदा बंदच ठेवतात, बीपीच्या काही द्यायच्या काही नाही, पण थायरॉईडची गोळी साधारणपणे त्या दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. आपल्या भुलीच्या डॉक्टरांना आदल्या दिवशी थेट विचारा, "थायरॉईडची उद्या घेऊ ना?" आणि जे सांगतील ते फाईलवर लिहून घ्या, म्हणजे पहाटे ड्यूटी बदलली तरी वाद नाही. आणि समजा राहिलीच तरी घाबरायचं कारण नाही, या गोळीचा असर हळू उतरतो, शरीरातलं औषध निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो, एखाद्या दिवसानं काही बिघडत नाही. पोटाचं मोठं ऑपरेशन असेल आणि ५-६ दिवस तोंडानं काही देता येणार नसेल तर मात्र नळीतून किंवा शिरेतून द्यायचं का हे डॉक्टर ठरवतात, तेव्हा आठवण करून द्यायचं काम घरच्यांचं.

माझ्या मावशीचं सगळं उलट आहे, तिला हायपर, म्हणजे ग्रंथी जास्त चालते, छातीत धडधड, हात थरथरतात, वजन उतरलेलं. अशा लोकांनी तर जास्तच सांभाळायचं. ताब्यात नसलेलं हायपर घेऊन ऑपरेशनला गेलं तर थायरॉईड स्टॉर्म येऊ शकतं, ताप खूप चढतो, ठोके वेडेवाकडे धावतात, आणि तेही जिवावर बेततं. म्हणून ग्रंथीचं काम कमी करणारी कार्बिमॅझोल आणि ठोक्यांसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर मनानं एकही बंद करायची नाही, ऑपरेशनच्या दिवशी सकाळची घ्यायची का तेही विचारून ठेवायचं, सहसा घ्यायलाच सांगतात. कार्बिमॅझोलवर असताना घसा दुखून ताप आला तर लगेच रक्ताची सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करावी लागते कारण क्वचित पांढऱ्या पेशी एकदम कमी होतात. आणि हायपर ताब्यात आलं तरी टीएसएच कित्येक आठवडे, महिने खालीच राहू शकतं, म्हणून त्यांचं टी-३ टी-४ बघून ठरवतात.

ऑपरेशन झाल्यावर मला थंडी खूप वाजली, मे महिन्यात दोन ब्लँकेटं, ते भुलीमुळे बऱ्याच जणांना होतं म्हणाले. बद्धकोष्ठता झाली, हायपोवाल्यांना आधीच असते आणि दुखण्याच्या काही औषधांनी वाढते, म्हणून पहिल्या दिवसापासून पाणी आणि चालणं. पण मुख्य गोष्ट डिस्चार्जच्या चिठ्ठीवर होती. पॅन्टोप्राझोल उपाशीपोटी, लोह, कॅल्शियम, परत तीच मंडळी! ऑपरेशननंतर ही औषधं लिहिली जातातच, त्यात चूक नाही, पण वेळा आपल्याला लावाव्या लागतात. मी तिथंच काउंटरवर उभं राहून विचारलं, पॅन्टोप्राझोल किती दिवस, लोह दुपारी घेऊ का, कॅल्शियम रात्री घेऊ का. थायरॉईडची पहाटे एकटी. आणि साधारण ६-८ आठवड्यांनी परत टीएसएच.

हे सगळं चालू असतानाच माझ्या जावेला गर्भपिशवी काढायला सांगितलं होतं, अंगावरून फार जातं म्हणून. तिला मी म्हटलं, आधी टीएसएच केलंस का? थायरॉईड कमी असलं की पाळीत रक्तस्राव वाढतो, हे तर मला इतक्या वर्षांत स्वतःवरून माहीत होतं. तिचं कधीच केलेलं नव्हतं. केलं तर २० च्या वर. सोनोग्राफीत गाठ वगैरे काही नाही. आता तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी ऑपरेशन थांबवलंय, गोळी आणि लोह दोन्ही चालू केलंय, लोह दुपारी, आणि दिवाळीनंतर रिपोर्ट बघून ठरवू म्हणाल्यात. कदाचित पिशवी काढावी लागेल, कदाचित नाही, पण लागलीच तर ती भुलीच्या टेबलावर नीट तयारीनं जाईल.