नंबर जवळ आला आणि होम स्टडीची मुदत संपली – आमचा दत्तकाचा अनुभव

आमची मुलगी घरी येऊन दोन वर्षं झाली, तरी दत्तकाबद्दल कुणी विचारलं की मी सगळ्यात आधी एकच सांगते. होम स्टडी रिपोर्टची, म्हणजे समाजसेविका घरी येऊन पाहणी करून देतात त्या अहवालाची, मुदत तीन वर्षं असते, ती कधी संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि सहा महिने आधीपासून मागे लागा. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

काराच्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, पोर्टलवर आम्ही जून २०१९ मध्ये रजिस्ट्रेशन केलं. पॅन, आधार, मेडिकल, उत्पन्नाचा दाखला, सगळं पटापट झालं. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक आजोबा मात्र म्हणाले, "आपल्या ख्रिस्ती लोकांत दत्तक होत नाही गं, नुसतं पालकत्व मिळतं." त्यांचंही चूक नव्हतं, १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी आहे आणि आपल्याला पूर्वी १८९० च्या कायद्याखाली पालकच व्हावं लागायचं. पण आता जेजे अ‍ॅक्टखाली, म्हणजे बाल न्याय कायद्याखाली, कुठल्याही धर्माच्या जोडप्याला पूर्ण दत्तक घेता येतं, त्यामुळे कुणी असं म्हटलं तर घाबरू नका.

सप्टेंबरमध्ये होम स्टडी झाली आणि मग सुरू झाला प्रतीक्षा यादीतला नंबर. रात्री सगळी झोपली की मी मोबाईलवर लॉगिन करून नंबर बघायचे, कधी चार पुढे, कधी महिनाभर तिथेच, मग लॉकडाऊन लागला. प्रार्थनेत पण तोच नंबर. खरं सांगते, त्या काळात मी देवाशी बोलतच नव्हते, त्याच्याकडे फॉलोअप घेत होते. चर्चमध्ये कुणाच्या बाळाचा बाप्तिस्मा असला की मी उपासनेच्या मधेच उठून मागच्या खोलीत प्रभूभोजनाचे कप पुसत बसायचे. पुसलेलेच कप परत पुसायचे. आमच्या पाळकीणबाईंनी ते पाहिलं होतं, पण कधी विषय काढला नाही. एकदाच म्हणाल्या, संडे स्कूलचा छोटा वर्ग घेशील का? मी नाही म्हटलं.

सप्टेंबर २०२२. नंबर दोन आकड्यांवर आलेला आणि त्याच महिन्यात रिपोर्टची मुदत संपली. चालू रिपोर्ट नसेल तर रेफरल, म्हणजे तुमच्यासाठी सुचवलेल्या बाळाची माहिती, येत नाही. म्हणजे तीन वर्षं रांगेत उभं राहून खिडकीपाशी पोचायचं आणि हातातला कागद जुना निघायचा! ज्या संस्थेकडे नवीन होम स्टडी करायची होती तिथे फोन केला. होम स्टडी करणाऱ्या मॅडम फील्डवर आहेत. पुढच्या सोमवारी करा. सोमवारी, मॅडम मीटिंगला गेल्यात. ह्यांनी हाफ डे टाकून दोनदा जाऊन बघितलं, दोन्ही वेळा एका रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतलं आणि परत पाठवलं. नोव्हेंबरात म्हणाले, डिसेंबर तुमचा सणाचा महिना, जानेवारीत निवांत बघू. निवांत! मी फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. जानेवारीच्या शेवटी एकदाची भेट झाली, रिपोर्ट आला तर त्यात ह्यांच्या वडिलांचं नाव चुकलेलं, परत दुरुस्ती, परत मॅडम फील्डवर. अपलोड व्हायला मार्च उजाडला. साडेपाच महिने.

तोंडी बोलू नका, प्रत्येक फोननंतर ईमेल टाका, तारीख लिहा. आम्ही ईमेल सुरू केल्यावरच हालचाल झाली.

पण त्याच साडेपाच महिन्यांत माझ्यात काहीतरी झालं ते सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांतल्या, दुसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशाला लूकच्या शुभवर्तमानातली हन्ना घेतली, चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा, मंदिर न सोडता वाट बघणारी. आपल्या मराठी बायबलमध्ये शमुवेलाची आई पण हन्नाच, म्हणून घरी येऊन मी तिचा अध्याय उघडला, मूल नाही म्हणून मंदिरात रडत प्रार्थना करणाऱ्या त्या बाईचा. शंभर वेळा वाचलेला. एली याजक तिला आधी दारू प्यायलेली समजतो, मग शांतीने जा म्हणतो, आणि ती जाऊन जेवते, तिचा चेहरा उतरलेला राहत नाही. मूल अजून कुठेच नाही! तिच्या हातात काहीही नसताना ती जेवली. मी बघतच राहिले, कारण माझं जेवण, झोप, चेहरा, सगळं त्या नंबरवर टांगलेलं होतं.

आणि त्याच आठवड्यात बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय वाचला. तेविसाव्या वचनात पौल म्हणतो की आपण सगळेच आतल्या आत कण्हत दत्तक होण्याची वाट बघतोय. दत्तक, हाच शब्द. इतकी वर्षं मी स्वतःला वाट बघणारी आईच समजत होते, त्या वचनात मी लेकरू होते. कुठेतरी एक बाळ पण वाट बघत असेल, हे त्या दिवसापर्यंत मला सुचलंच नव्हतं, सगळी प्रार्थना मला मिळावं म्हणून. त्या रात्री पहिल्यांदा मी तिच्यासाठी प्रार्थना केली, तिला कुणी जवळ घेत असेल का, तिला दूध वेळेवर मिळत असेल का. नंबर बघितला नाही. जानेवारीपासून छोटा वर्ग घेतला. ऑफिसवरचा राग मात्र गेला नाही, आणि तो जायलाच हवा होता असं मला वाटत नाही, फोन मी करतच राहिले.

रेफरल जुलै २०२३ मध्ये आला, दुपारी, डबा खाताना. अठ्ठेचाळीस तासांत हो म्हणावं लागतं, आम्हाला दहा मिनिटं पुरली. अकरा महिन्यांची, डाव्या गालावर मच्छर चावल्याचा डाग. पुढचं सगळं भराभर झालं, आता आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

हो, एक राहिलं. चर्चच्या विवाहाच्या दाखल्यावरचं आणि आधारवरचं स्पेलिंग जुळतंय का ते रजिस्ट्रेशनच्या आधीच बघा, आमचं जुळत नव्हतं, अ‍ॅफिडेविट करावं लागलं.

तिचा बाप्तिस्मा नाताळच्या आदल्या रविवारी झाला. कप त्या दिवशी पाळकीणबाईंनी पुसले.