जामाच्या झाडावरचे बाबा

डिसेंबरात गावी गेलं की दुपारी ओसरीत आडवं पडायचं आणि काही म्हणजे काही करायचं नाही, हा माझा जुना नियम. यंदा तो एका कवडशाने मोडला. भिंतीवर उजेडाचा गोल नाचत होता. कधी कॅलेंडरवर, कधी आबाजींच्या फोटोवर, मधूनच कोपऱ्यातल्या कापसाच्या ढिगावर. डोळे मिटले तर पापण्यांवर यायचा. शेवटी उठून अंगणात गेलो. जामाच्या, म्हणजे पेरूच्या झाडाला सुतळीने एक डिस्क टांगली होती. पोपटांसाठी.

आमच्याकडे यात नवल काही नाही. ज्वारीच्या वावरात अशा कितीतरी डिस्का लटकलेल्या असतात. पण ही वाऱ्याने फिरली, खालची बाजू जांभळट दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. बाजारातून आणलेल्या सिनेमाच्या सीडीची पाठ चांदीसारखी असते. जांभळी झाक घरी लिहिलेल्या डीव्हीडीची. आणि तशी आमच्या घरात एकच उरली होती.

तिच्यात बाबा होते. दीड मिनिट.

2006 ची दिवाळी नुकतीच आटोपली होती. टीव्हीवरच्या शेतीच्या कार्यक्रमाची माणसं जीपने आली आणि बाबांना पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, उभं करून लाल्या रोगावर बोलायला लावलं. त्याआधी तोंडातला खर्रा थुंकायला लावला. बाबांच्या मते सगळा घोळ तिथेच झाला. मॅग्नेशियम कमी पडलं की पानं कशी लाल होतात, फवारणी कधी करायची, हे ते चाळीस मिनिटं सांगत होते. जाताना त्या लोकांनी फक्त तारीख सांगितली.

माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, तेव्हा दारव्ह्याला कॉम्प्युटर शिकवायचा. तो म्हणाला, ‘आपण कॅप्चर करू.’ हा शब्द घरात पहिल्यांदाच आला. मोठ्या आईला वाटलं, कोणाला तरी पकडणार आहेत. दादाने नागपूरला सीताबर्डीवरून टीव्ही ट्यूनर कार्ड आणलं, कॉम्प्युटरचं पोट उघडून आत खोचलं आणि डिशच्या डब्याची पिवळी वायर त्याला जोडली. मी लहानपणी कवेलूवर चढून अँटेना फिरवायचो आणि खालून आजी ओरडायची, ‘दिसलं, दिसलं, आता हलू नोको!’ त्या मानाने ही फारच सभ्य इंजिनिअरिंग होती. कोणी छतावरून पडायची भीती नव्हती.

आदल्या दिवशी तालीम झाली. साडेतीन मिनिटांत रेकॉर्डिंग आपोआप थांबलं. दादाने डोकं खाजवलं, मग उलगडा केला. 720 बाय 576 चं चित्र, सेकंदाला 25 चौकटी, ते न दाबता साठवलं तर साडेतीन मिनिटांतच 4 जीबी खातं. आणि आमची हार्डडिस्क फॅट-32 ची, तिच्यावर एका फाईलला 4 जीबीच्या पुढे जाता येत नाही. ‘म्हणजे खातं भरलं,’ बाबा म्हणाले. दादाने एमपेग-2 निवडलं, म्हणजे चित्र दाबून साठवायची रीत. आता अख्खा अर्धा तास दीड जीबीच्या आत बसणार होता.

खरी धास्ती लाईनीची होती. त्या वर्षी भारनियमन असं होतं, की लाईन असली तर लोक एकमेकांना विचारायचे, ‘काऊन आहे?’ पण त्या संध्याकाळी ती अर्धा तास राहिली. अख्खी गल्ली आमच्या ओसरीत. बाबा आले, बोलले, गेले. चाळीस मिनिटांचं दीड मिनिट झालेलं.

लाईन गेली ती डिस्क लिहिताना. नीरो नावाचं सॉफ्टवेअर होतं, चिन्ह जळत्या कलोझियमचं. रोम जळताना नीरो फिडल वाजवत होता म्हणतात. आमच्याकडे लाईन गेली की वाजायचा तो यूपीएस. पाच मिनिटं केकाटला आणि मेला. पहिली डिस्क वाया. ती दादाने बंडीच्या मागे रिफ्लेक्टर म्हणून ठोकली. दुसरी पहाटे तीनला उठून लिहिली.

सकाळी लावून पाहिली, तर आवाज वेगळाच. कॉम्प्युटरमध्ये आवाज कुठून घ्यायचा तिथे ‘लाईन इन’ ऐवजी ‘माईक’ राहिलं होतं. हेडफोनसोबत फुकट आलेला तो माईक टेबलावर पडून होता आणि त्याने इमानाने अख्खी ओसरी टिपली होती. पडद्यावर बाबा मॅग्नेशियमवर बोलतायत, पण टीव्हीचा आवाज लांबून, विहिरीतून आल्यासारखा. आणि जवळून, अगदी कानाशी, आजी:

‘थो तोंड काऊन वाकडं करून रायला?’

‘खर्रा थुकाले लावला नं मले, म्हून,’ हे ओसरीतले बाबा.

‘शर्टाची गुंडी तं लावाची.’

मग कुकरची शिट्टी. मग कोणाचं तरी पोरगं रडतं. मग पुन्हा आजी, ‘च्या कोनाले पायजे?’ तोवर पडद्यावरचे बाबा संपलेले.

दादाला भयंकर लाज वाटली. तरी त्याने पाच प्रती काढल्या, आत्याबाईला, मामाला दिल्या, आणि डीव्हीडी झाली म्हणून मूळ फाईल उडवली. 40 जीबीच्या हार्डडिस्कवर दीड जीबी कोण अडवून ठेवणार? आत्याबाईची प्रत नातवाने फरशीवर चाक म्हणून चालवली. मामाची कोणीतरी लग्नाची समजून नेली. बाकीच्यांचं विचारू नका. आजीला जाऊन आता अकरा वर्षं झाली.

मी सुतळी सोडली. डिस्क शर्टाला पुसली, पुण्याहून आणलेल्या बाहेरच्या ड्राईव्हमध्ये घातली. ती फिरली, कण्हली, थांबली, पुन्हा फिरली. लॅपटॉप म्हणाला, कृपया डिस्क घाला. या डिस्कांमध्ये रंगाचा एक थर असतो, लेझर त्यातच लिहितो, आणि ऊन्ह तोच थर खातं. आमच्या अंगणातलं ऊन्ह कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको.

संध्याकाळी बाबा वावरातून आले. हात-पाय धुतले, झाडाकडे पाहिलं.

‘डिस्क कोनं काढली?’

मी म्हटलं, ‘मी. बाबा, ती तुमची होती. टीव्हीवाली.’

‘मले मालूम आहे. चालत नव्हती थे.’ ते खाटेवर टेकले, खर्‍याची पुडी सोडली. झाडावर तोवर दोन पोपट येऊन बसले होते. बाबांनी हाड्‌ हाड्‌ केलं. ते हलले नाहीत.

‘दादानं आनलेल्या डिस्का अलमारीत पडल्या आहेत अजून,’ बाबा म्हणाले. ‘त्यातली एक लाव उद्या. कोरी असली तरी चालते.’