घरचं एएस/४००, नोंद सातवी: ब्रेक मेसेजला वेसण

गेले तीन शनिवार-रविवार एकाच कामात गेले: एएस/४०० (आयबीएमचा जुना व्यावसायिक संगणक) वरच्या क्यूसिसओपर क्यूतून, म्हणजे सिस्टिम ऑपरेटरच्या मेसेजच्या रांगेतून, मध्येच स्क्रीनवर येणारे मेसेज. मशीन तेच, पिंपरीतल्या एका कारखान्याने मोडीत काढलेलं मॉडेल १७०. एक कन्सोल आणि पीसीवर ५२५० एम्युलेशनची (या मशीनच्या टर्मिनलची नक्कल) दोन सेशन्स.

सुरुवातीला क्यू *ब्रेकवर होती, सिव्हिरिटी (मेसेजच्या गांभीर्याचा आकडा) ००. म्हणजे आला मेसेज की दाखव. एसईयूत (सोर्स एडिटर) सोर्स लिहितोय आणि मध्येच मेसेजचा स्क्रीन: अमका जॉब संपला, तमका रायटर (प्रिंटिंग सांभाळणारा जॉब) सुरू झाला. एंटर मारून परत येईपर्यंत डोक्यातली ओळ गेलेली. वैतागून क्यू *होल्डवर टाकली, म्हणजे मेसेज न दाखवता नुसते जमा कर. शनिवारी रात्री टेस्ट डेटा भरणारा बॅच जॉब (पडद्यामागे चालणारा) सोडला. सोमवारी संध्याकाळी पाहतो तर जॉब एमएसजीडब्ल्यूमध्ये, म्हणजे मेसेजच्या उत्तराची वाट बघत. मेसेज सीपीए५३०५, मेंबर (फाइलमधला डेटाचा भाग) भरला, उत्तर द्या: सी (रद्द), आय (फाइल वाढवून पुढे) की ९९९९? फाइल बनवताना साइझ डीफॉल्टच राहिला होता, १०,००० रेकॉर्ड आणि वर १,०००च्या तीन वाढी. १३,००० झाले आणि जॉब दोन दिवस उत्तरासाठी ताटकळला.

मग सिव्हिरिटीकडे वळलो. सीएचजीएमएसजीक्यू या क्यूची सेटिंग बदलणाऱ्या कमांडमध्ये *ब्रेकबरोबर सिव्हिरिटी वाढवली की त्याखालचे मेसेज क्यूत जमा होतात, पण मध्ये येत नाहीत. जॉब संपल्याचे ००वाले लगेच गप्प झाले. अडचण माझ्याच सीएल (एएस/४००ची कमांड भाषा) प्रोग्रॅमची होती. त्यातून एसएनडीएमएसजी (मेसेज पाठवायची कमांड) वापरून हाताने लिहून पाठवलेला मेसेज ८० सिव्हिरिटीचा धरला जातो, मग ती नुसती माहिती असो की प्रश्न. आकड्यावरून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

म्हणून ब्रेक हँडलिंग प्रोग्रॅम लिहिला. सीएचजीएमएसजीक्यूच्या पीजीएम पॅरामीटरमध्ये त्याचं नाव दिलं की मेसेज दाखवण्याऐवजी सिस्टिम तो प्रोग्रॅम कॉल करते आणि तीन गोष्टी देते: क्यूचं नाव १० अक्षरी, लायब्ररी १० अक्षरी, मेसेजची की (ओळखखूण) ४ अक्षरी. आरसीव्हीएमएसजी कमांडने त्या कीचा मेसेज घ्यायचा आणि रिटर्न टाइप (मेसेजचा प्रकार) बघायचा. ०५ असेल तर प्रश्न आहे, डीएसपीएमएसजी (मेसेज दाखवायची कमांड) करून समोर आणायचा. बाकी काही असेल तर मुकाट रिटर्न. दहा-बारा ओळींचं काम.

पहिल्याच चाचणीत मात्र जॉब प्रश्न न दाखवताच कॅन्सल झाला. पाऊण तास जॉब लॉग वाचल्यावर दोष सापडला. आरसीव्हीएमएसजीमध्ये आरएमव्ही (वाचलेला मेसेज क्यूतून काढायचा का) दिलाच नव्हता आणि त्याचा डीफॉल्ट *येस आहे. उत्तर न दिलेला प्रश्न क्यूतून काढला की सिस्टिम त्याला डीफॉल्ट उत्तर देऊन टाकते, सीपीए५३०५ला ते सी. माझ्या प्रोग्रॅमने प्रश्न वाचता वाचताच जॉब मारला होता. आरएमव्ही(*नो) हवाच. हा प्रोग्रॅम लिहिणार असाल तर आधी ही ओळ लिहा, मग बाकीचं.

या चाचणीसाठी १३,००० रेकॉर्ड भरायची गरज नाही. साइझ(१०० १० १) देऊन फाइल बनवा, १११व्या रेकॉर्डला प्रश्न येतो.

रिप्लाय लिस्टमध्ये (मेसेजना आपोआप द्यायच्या उत्तरांची यादी) सीपीए५३०५ला कायमचा आय देऊन मोकळं व्हायचा मोह झाला होता. मुद्दाम टाळलं. लूपमध्ये अडकलेला प्रोग्रॅम फाइल भरत सुटला तर हाच प्रश्न डिस्क वाचवतो, त्याला माणसानेच उत्तर दिलेलं बरं.

आणखी दोन गोष्टी. एका वेळी एकाच जॉबला क्यू *ब्रेकवर घेता येते, दुसऱ्या सेशनमधून प्रयत्न केला की सीपीएफ२४५१ (क्यू दुसऱ्या जॉबकडे आहे) येतो. आणि साइन ऑफ केलं की क्यू परत *होल्डवर जाते. माझी दुसऱ्या शनिवारची सगळी मेहनत अशीच गेली, सकाळी नीट चाललेलं जेवणानंतर बंद. आता क्यू *ब्रेकवर घेणारी सीएचजीएमएसजीक्यू कमांड माझ्या इनिशियल प्रोग्रॅममध्ये (साइन ऑन होताच चालणारा) आहे.

काल संध्याकाळी सलग दीड तास एसईयूत होतो. क्यूत चौदा मेसेज जमले, समोर एकच आला, तोही उत्तर हवं असलेला. आय दाबलं आणि सोर्समध्ये त्याच ओळीवर परत. पुढच्या आठवड्यात क्यूसिस लायब्ररीत क्यूसिसएमएसजी नावाची क्यू बनवणार आहे. ती असली की डिस्क भरत आल्याचा सीपीएफ०९०७ आणि तसले गंभीर मेसेज तिच्यातही येतात. तिच्यासाठी वेगळं सेशन उघडं ठेवायचं आहे.