आमची वाटचाल : भरडाईवर उभी राहिलेली दालमिल

मार्च महिन्यात आम्हाला सत्काराची बोलावणी फार येतात. महिला दिन असतो, ‘ग्रामीण उद्योजिका’ म्हणून शाल-श्रीफळ देतात आणि प्रेरणादायी दोन शब्द बोला म्हणतात. बोलावणाऱ्यांचा लोभ असतो, नाही म्हणवत नाही. पण मार्च म्हणजे दालमिलचा ऐन हंगाम. खळ्यावर तूर वाळत घातलेली, दारात भरडाईचे कट्टे रांगेला लागलेले. म्हणून आता मी नवऱ्याला पाठवते. तो शाल घेऊन येतो, भाषण करत नाही, आणि सगळे खूश असतात. तिथे सांगायचं राहून जातं ते इथे लिहिते.

आमचं गाव अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात. कपाशी आणि सोयाबीन ही मुख्य पिकं, आणि दोन्हींत अधूनमधून तुरीची तासं. शिवारात तूर नाही असा शेतकरी सापडणार नाही. तरी मी लग्न होऊन आले तेव्हा गावातली निम्मी घरं किराणा दुकानातून डाळ आणत होती. तूर निघाली की कट्टे भरून बाजार समितीत, तिथून अकोल्याच्या मोठ्या मिलमध्ये, आणि तीच तूर पॉलिश होऊन, पाकिटात बसून गावच्या दुकानात परत. सासूबाईंना याचा भारी राग. “काहून वं बाई, तूर आपली अन् डाय दुकानातली?” असं त्या येता-जाता म्हणायच्या. त्यांच्या तरुणपणी घरी जातं होतं. तुरीला तेल चोळायचं, मुरवायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. दोन बायांचा अख्खा दिवस जायचा आणि कणीच जास्त निघायची, म्हणून नव्या सुनांनी ते सोडून दिलं. त्यात सुनांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिनी दाल मिल तयार केली आहे. आमच्याकडे सगळे तिला पीकेव्हीची मिल म्हणतात. ती आम्ही विद्यापीठाच्या शिवारफेरीत पाहिली. एका खोलीत मावते, घरच्या माणसांना चालवता येते. २०१४ साली बचत गटाचं कर्ज, थोडे घरचे पैसे आणि कापूस ठेवायची रिकामी खोली, एवढ्यावर सुरुवात झाली. सुरुवातीचा एक उन्हाळा विजेच्या दाबाशी भांडण्यात गेला. दुपारी दाब उतरला की मोटर गुरगुरायची. मग आम्ही पहाटे मिल लावायला लागलो, ती सवय अजून आहे.

जो येतो तो आधी विचारतो, तुमचा ब्रँड कोणता? आमच्या डाळीला नाव आहे, लेबल आहे, थोडी विक्रीही आहे. पण धंदा त्यावर उभा नाही. तो भरडाईवर उभा आहे. शेतकऱ्याने त्याची तूर आणायची, आम्ही भरडून द्यायची, मजुरी घ्यायची. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, कारण भाषणात ते शोभत नाही.

आम्हाला त्याची किंमत दोन टोकांच्या वर्षांनी शिकवली. २०१४ आणि २०१५ दोन्ही वर्षं पावसाने ओढ दिली, देशभर तूर कमी पिकली, आणि २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली. विकत घेणं परवडेना, तेव्हा ज्यांच्या घरात दोन कट्टे तूर होती ते सगळे आमच्या दारात. २०१६ ला पाऊस चांगला झाला, भाव बघून लोकांनी तूर वाढवली, आणि २०१७ च्या सुरुवातीला माल इतका आला की बाजार कोसळला. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये होता आणि खुल्या बाजारात त्याच्या कितीतरी खाली सौदे होत होते. सरकारी खरेदी केंद्रांसमोर ट्रॅक्टरच्या रांगा, मध्येच बारदाना संपलेला. त्या वर्षीही लोक आमच्याच दारात आले. विकली जात नाही तर डाळ करू, पुण्या-नाशिकला असलेल्या पोरांना, पाहुण्यांना देऊ, असा हिशेब. भाव चढला तरी भरडाई, पडला तरी भरडाई. तेजी बघून तूर भरून ठेवणारे चांगले चांगले व्यापारी त्या दोन वर्षांत बसले. आमची मजुरी किलोमागे ठरलेली, ती कुणी खाली आणली नाही.

आणखी एक गोष्ट भरडाईच्या बाजूची आहे. अख्ख्या तुरीला भुंगा फार लवकर लागतो. तो अंडी दाण्यावर घालतो, अळी आत शिरते, आणि पावसाळ्यात पोतं उघडावं तर पीठ. टरफल काढून दोन फाकी झालेल्या डाळीला तो तितका धरत नाही. त्यामुळे ‘ठेवायचीच आहे तर डाळ करून ठेव’ हे शेतकऱ्याला पटतं.

आता कामाबद्दल. लोकांना वाटतं तूर वरून टाकली की खालून डाळ पडते. तुरीचं टरफल हट्टी असतं. हरभऱ्याचं सहज सुटतं, तुरीच्या टरफलात आणि डाळीत चिकट थर असतो. तो सैल केल्याशिवाय कितीही रगडा, दाणा फुटतो पण साल सोडत नाही. म्हणून आधी चाळून लहान-मोठा दाणा वेगळा करायचा. मग एमरीच्या, म्हणजे खरखरीत कुरुंद दगडाचा थर दिलेल्या, रोलरवरून एक हलका फेर, त्यात टरफलावर नुसते ओरखडे पडतात. मग तेलाचा हात. आम्ही जवसाचं वापरतो, क्विंटलला पाव-अर्धा किलो पुरतं. ढीग लावून रात्रभर झाकून ठेवायचं म्हणजे तेल ओरखड्यांतून आत उतरतं. मग दोन-तीन दिवस ऊन, मग पाण्याचा हलका शिडकावा, पुन्हा मुरवण, पुन्हा ऊन, आणि मग खरी भरडाई. एक क्विंटल साफ तुरीतून ७० ते ७२ किलो डाळ उतरते. बाकी चुणी (म्हणजे डाळीचा चुरा, गुरांना घालतात), भुसा, थोडा ओलावा. दाण्यात टरफल शंभरात चौदा-पंधराच असतं, म्हणजे हिशेबाने डाळ ऐंशीच्या वर यायला हवी. मधली तूट भुकटीत आणि कणीत जाते. आमची सगळी कारागिरी त्या दहा-बारा किलोंशी झटापट करण्यात आहे.

ऊन हे आमचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लहरी यंत्र. फेब्रुवारी-मार्चचं ऊन डाळीला मानवतं. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की दाणा कडक होऊन रोलरखाली तडकतो, कणी वाढते. तेव्हा सकाळचं ऊन द्यायचं आणि अकरा वाजता ताडपत्री ओढायची. ओलावा मोजायचं यंत्र आमच्याकडे आहे, पण खळ्यावरच्या बाया दाणा दाताखाली धरतात. कट्ट आवाज आला तर तयार, दाबला गेला तर अजून एक ऊन. यंत्राचं आणि त्यांचं क्वचितच जमत नाही. नाही जमलं तर मी बायांचं ऐकते.

या बायांमध्ये एक मावशी आहेत. शेत नाही, आयुष्य कापूस वेचण्यात आणि निंदणात गेलं. आमच्याकडे वाळवणाच्या रोजावर आल्या. पाखडताना त्या न सांगता तूर वेगळी करायच्या. पावसाने डागलेली एकीकडे, न भरलेली चपटी दुसरीकडे. एकदा म्हणाल्या, “थ्या शेतकऱ्याच्या तुरीत दोन जाती मिसळल्या हायत, एका फटीत निंगणार नाही.” खरंच होतं. मारोती, आशा, बीडीएन ७११, पीकेव्ही तारा, आमच्या भागात जाती बऱ्याच. लाल-पांढरी, लहान-मोठी एकत्र आली की रोलरची फट एकीला सैल आणि दुसरीला घट्ट. मोठा दाणा तुटतो, लहान तसाच निसटतो. आज आमच्या लेबलच्या डाळीसाठी तूर विकत घ्यायची असली की बाजार समितीत मावशी जातात. आधी लिलावाच्या वेळी “बाई, बाजूला व्हा” असं व्हायचं. आता अडते त्यांच्यासमोर पोत्याच्या तळातली मूठ स्वतःहून काढून दाखवतात, कारण वरची मूठ त्या बघतच नाहीत. त्यांचा रोज केव्हाच बंद झाला, महिन्याचा पगार आहे, खरेदीवर वेगळी दलाली आहे. सही करायला त्या साठीच्या उंबरठ्यावर शिकल्या. त्याचं कौतुक इतरांनी फार केलं, त्यांना स्वतःला लिलावाचं जास्त वाटतं.

दुसरा आमचा मिस्त्री. नात्याने कुणी नाही, मला वहिनी म्हणतो. आयटीआयला फिटर केलं, चाकणला एका कारखान्यात ठेक्यावर होता, २०२० च्या टाळेबंदीत गावी परतला तो परतलाच. तोवर आमचा रोलर झिजला की अकोल्याला पाठवावा लागायचा आणि ऐन हंगामात मिल बंद पडायची. एमरी गुळगुळीत झाली की डाळीवर साल राहते, आणि साल काढायला दाब वाढवला की कणी होते, दोन्हीकडून नुकसान. त्याने अकोल्यात एका जुन्या कारागिराजवळ बसून एमरीचा चुरा आणि मॅग्नेसाइटचं मिश्रण लावून रोलर पुन्हा चढवायचं काम शिकून घेतलं. त्यात प्रमाण महत्त्वाचं, वाळवण त्याहून महत्त्वाचं. घाई केली की पहिल्याच क्विंटलला थर सुटतो आणि डाळीत खडे. आता दर्यापूर, कारंजा, बार्शीटाकळी इकडच्या छोट्या मिलवाल्यांचे रोलर त्याच्याकडे येतात. हंगाम संपल्यावरच्या चार महिन्यांत तो आमच्याकडच्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त कमावतो. मला याचं वाईट वाटावं असं काही जण सुचवतात. मला उलट त्यात आमची सोय दिसते, मिस्त्री गावातच आहे.

त्याच्या लग्नाचं मात्र सांगायला हवं. गावात राहणाऱ्या पोराला मुलगी द्यायला आमच्याकडे कुणी तयार नसतं, मग तो कितीही कमावो. पुण्यात बारा हजारांवर असला तरी चालतो, गावात पंचवीसवर असला तरी ‘काहीच करत नाही’. याची तीन-चार वर्षं तशीच गेली. शेवटी सोयरीक जुळली ती भरडाईला येणाऱ्या एका घरातच. त्यांनी त्याला काम करताना पाहिलं होतं. ‘गावातच राहून करिअर’ या विषयावर व्याख्यानं देणाऱ्यांनी हा मुद्दाही कधीतरी घ्यावा.

कागदपत्रांचं सगळं माझी भाची बघते. उद्यम नोंदणी, अन्न परवाना, लेबल. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये कर्जाशी जोडलेलं अनुदान मिळत होतं. आम्ही त्यातून ग्रेडर (दाणा आकाराने वेगळा करणारं यंत्र) आणि पॅकिंगचं यंत्र घेतलं. नव्याने पडणाऱ्यांना एकच सांगते, अनुदान मागाहून येतं, हप्ता आधी येतो. २०२२ च्या जुलैपासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबलच्या डाळीवर ५ टक्के जीएसटीही आला.

डाळीबद्दल तक्रारी येतात, त्यातली एक ऐकण्यासारखी आहे. पूर्णा नदीच्या बाजूच्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं असलेल्या, गावांतून लोक म्हणायचे, तुमची डाळ शिजत नाही. तीच डाळ आमच्या घरी दोन शिट्ट्यांत मऊ. भाची त्या गावात गेली, त्यांच्याच चुलीवर त्यांचीच डाळ आरओच्या कॅनमधल्या पाण्यात लावली, शिजली. खारं, जड पाणी डाळीला शिजू देत नाही, बिनपॉलिशची असो की फटका म्हणजे पॉलिशची. तेव्हापासून त्या गावांना डाळ देताना पाण्याचं आधी सांगतो. तिथल्या बाया आता वरणापुरतं कॅनचं पाणी बाजूला ठेवतात.

चुणी आणि भुसा दूधवाले नेतात. ज्यांच्या घरी गाय-म्हैस आहे ते आपली चुणी आपण नेतात, ज्यांच्याकडे नाही ते आमच्याकडे ठेवून मजुरीत वळती करतात. या एका सोयीमुळे गावातल्या भूमिहीन घरांनाही सरकीच्या ढेपेपेक्षा स्वस्त खाद्य मिळायला लागलं, आणि दोन घरांनी त्यावर म्हशी वाढवल्या.

सोलर ड्रायर घ्या, घ्या असं सगळे सांगतात. विचार चालू आहे, पण खळ्यावर दहा बायांना काम आहे आणि ऊन फुकट आहे, तेव्हा ढगाळ दिवसांपुरता लहानसाच घेऊ. सध्या मुगाची आणि हरभऱ्याची भरडाईही सुरू केली आहे. उडदाचं मागतात, पण त्याला वेगळी तयारी लागते, पुढच्या वर्षी बघू.

तूर भरडायला आणायची असेल तर जानेवारीअखेर ते मे या काळात, सकाळी अकराच्या आत आणावी. दोन जाती एका पोत्यात भरू नयेत. ओली तूर घेत नाही, शेतात दोन ऊन देऊनच आणा. मजुरी किलोला ८ रुपये, चुणी इथे ठेवली तर ५. डाळ साधारण आठवड्याने मिळते, ढग आले तर चार दिवस पुढे. रिकामे कट्टे बरोबर आणावेत आणि त्यावर आपलं नाव मार्करने लिहून आणावं, कारण आडनावं आमच्या गावात सगळ्यांची तीच आहेत.