कंसातला लिनिअस

बुधवार, पहाट

अजून धड उजाडलं नव्हतं आणि दयाळ सुरू झाला. झाडाच्या पार शेंड्यावर, शेपटी उभारून. एरवी मी नुसता ऐकत पडतो. आज मात्र डोक्यात काल निघालेली चूक घोळत होती. नोंदवहीत मी दयाळ पक्ष्याचं शास्त्रीय नाव 'कॉप्सिकस सॉलॅरिस, लिनिअस, 1758' असं लिहिलं होतं, म्हणजे नावापुढे ते देणारा स्वीडिश शास्त्रज्ञ आणि साल. मित्र वही चाळताना म्हणाला, "लिनिअसला कंसात टाक."

इतकी वर्षं ते कंस मला शोभेचे वाटायचे. खरं तर ती घर बदलल्याची नोंद असते. लिनिअसने 1758 साली याला 'ग्रॅक्युला' म्हणजे मैनेच्या प्रजातीत, जवळच्या जातींच्या गटात, बसवलं होतं. कॉप्सिकस ही प्रजाती वाग्लर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने 1827 मध्ये केली. हा ग्रीक शब्द मुळात वेगळ्याच काळ्या पक्ष्याचा. जाती दुसऱ्या प्रजातीत हलवली, की पहिल्या नावकर्त्याचं नाव कंसात जातं. वाग्लरचा उल्लेखही नाही, बिचारा! आडनाव बदलतं, पाळण्यातलं नाव तेच राहतं.

आणि ते पाळण्यातलं नाव, 'सॉलॅरिस', तरी सरळ आहे का? आपला 'दयाळ' इंग्रजी कानांनी 'डायल' असा ऐकला आणि पक्षी झाला डायल-बर्ड. फ्रेंच पक्षितज्ज्ञ लव्हायाँने त्यावरून थेट सूर्यघड्याळ गाठलं आणि नाव दिलं 'काद्राँ'. भारतातल्या पक्ष्यांवर लिहिणाऱ्या जर्डनने 1863 मध्ये लिहिलं, की लिनिअसचीही अशीच फसगत झाली. त्याला 'सोलॅरिस', म्हणजे सूर्याचा, म्हणायचं होतं, लेखणी घसरली आणि 'सॉलॅरिस' झालं. ब्लाइथ या दुसऱ्या पक्षितज्ज्ञाला हे पटलं नाही. त्याच्या मते मूळ शब्द हिंदी 'सौलरी', शंभर गाण्यांचा. मद्रासहून एडवर्ड बल्कली या शल्यवैद्याने लंडनच्या जेम्स पेटिव्हर या संग्राहकाला पाठवलेल्या नराबरोबर हेच नाव गेलं होतं. मी ब्लाइथच्या बाजूचा. 'लरी' मला 'लडी'चीच बहीण वाटते, शंभर सुरांची लड. अर्थात ही माझी हौस, पुरावा नव्हे.

चहा दोनदा गार झाला, कारण मग चिरक या दुसऱ्या पक्ष्याचं पान उघडलं. लिनिअसने 1766 मध्ये त्याला 'मोटॅसिला फुलिकाटा' म्हटलं, म्हणजे धोबी पक्ष्यांच्या प्रजातीत घातलं. पुढे तो 'सॅक्सिकोलॉइडिस' या प्रजातीत एकटाच राहत होता. डीएनए तपासल्यावर कळलं, की हा तर दयाळाच्याच घरातला. आता तो कॉप्सिकस फुलिकाटस. 'टा'चं 'टस' झालं, कारण मोटॅसिला स्त्रीलिंगी आणि कॉप्सिकस पुल्लिंगी. काळी मैना, काळा कावळा. लॅटिनलाही विशेषण वळवावंच लागतं. सॉलॅरिसला ही कटकट नाही, ते दोन्हीकडे तसंच चालतं.

वर्गीकरणवाले सारखी नावं बदलतात म्हणून मी पूर्वी वैतागायचो. माझ्या जुन्या यादीत हे दोघेही कस्तुरांच्या कुळात आहेत, आता ते माशीमारांच्या कुळात गेलेत. पण शेपटी उभी धरण्याची दोघांची ती ऐट मी कित्येकदा पाहिली होती. तरी नातं सुचलं नाही, ते नाहीच.

वहीत दयाळ आणि चिरक यांच्यामध्ये चाळीसेक पानं आहेत. फाडाफाडी केली नाही. दोन्हीकडे पेन्सिलीने एकमेकांचा पान क्रमांक टाकला आणि लिनिअसला दोनदा कंसात बसवलं. बाहेर दयाळ गप्प झाला होता.