पाखरू अडलंय, साहेब

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. परभणीत त्या दिवसांत सकाळी लोक एकमेकांना पहिलं हेच विचारतात की आज पारा किती, कृषी विद्यापीठाचा आकडा पेपरात येतो तो बघायचा आणि अजून एक स्वेटर चढवायचा. मी क्लिनिकचं शटर वर केलं तर पायरीवर एक ताई आणि त्यांच्या सासूबाई बसलेल्या, बाजूला मोटारसायकल लावून मुलगा हात चोळत उभा. मानवतहून आलेले, त्या थंडीत. म्हातारीच्या मांडीवर शालीत गुंडाळलेला बांगड्यांचा खोका.

माझं नेहमीचं काम म्हणजे म्हशी, शेळ्या आणि अलीकडं वाढलेली कुत्री. पक्षी येतात पण कमी. मी विचारलं काय झालं, तर ताई बोलायच्या आधी म्हातारीच म्हणाली, "पाखरू अडलंय साहेब. काल रातच्यापासनं कळा द्यायलंय, अंडं काई पडंना."

अर्धं निदान तिथंच झालं. आपल्याकडं म्हैस अडली, शेळी अडली असं रोज म्हणतात, पण पाखरू अडतं हे चांगल्या शिकलेल्या माणसाला पण माहीत नसतं. ही बाई आयुष्यभर शेळ्या पाळलेली, तिनं नुसतं बसणं बघून ओळखलं.

पोपट म्हणल्यावर मी आधी कोणता ते बघतो, कारण आपला देशी हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घरात ठेवताच येत नाही, आणि उन्हाळ्याच्या आधी झाडाच्या ढोलीतून काढलेली त्याची पिल्लं घेऊन लोक माझ्याकडं येतात तेव्हा त्यांना वन विभागाला कळवा असंच सांगावं लागतं. हे मात्र कॉकटेल होतं, म्हणजे कॉकाटिल, तो तुरेवाला परदेशी पोपट. फिकट पिवळी मादी, या रंगाला ल्युटिनो म्हणतात, गालावर नारंगी ठिपके. खोक्याच्या कोपऱ्यात दोन्ही पाय फाकवून, अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून बसलेली आणि श्वासागणिक शेपटी वर-खाली, वर-खाली. ती शेपटी बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. मागची जागा सुजलेली, हलकं बोट लावलं तर आत गोल काहीतरी, पण कडक नाही, ओल्या चामड्यासारखं. छातीचं मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागत होतं. वजन केलं, ८४ ग्रॅम, ते पण पोटातल्या अंड्यासकट.

विचारत गेलो तसा सगळा हिशोब बाहेर आला. ताई घरी शिलाईकाम करतात, तीन जोड्या आहेत, कोरोनानंतर जोडधंदा म्हणून सुरू केलं. मादी सव्वा वर्षाची. पहिल्यांदा अंडी श्रावणात घातली, पिल्लं पंधरा दिवसांची झाली की यांनी अंडी घालायला टांगलेल्या डब्यातून काढून हातानं पाजायला घेतली, कारण हातावर वाढलेलं पिल्लू माणसाळतं आणि त्याला दीड-दोन हजार मिळतात. पिल्लं काढली की जोडी मोकळी, डबा तसाच टांगलेला, म्हणून आठ-दहा दिवसांत परत अंडी. मग परत पिल्लं काढली, परत अंडी. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की डबा बारा महिने लावून ठेवायचा, पाखरू आपल्या हिशोबानं थांबतं. म्हातारीनं बोटं मोजली आणि म्हणाली, "पाच महिन्यात चौथं वेत झालं की गं हे. शेळीला तरी असं करतेत का कुणी?"

सून काही बोलली नाही. मी पण नाही बोललो. त्या घडीला बोलून उपयोग नव्हता.

पाखरू आपल्या हिशोबानं थांबत नाही, ही गोष्ट लोकांना पटतच नाही. रानात त्याला पावसाची ओढ थांबवते, दाण्याचा तुटवडा थांबवतो, ढोल मिळत नाही ती थांबवते. घरात बारा महिने दाणा-पाणी, रात्री अकरापर्यंत ट्यूबलाईट आणि समोर अंधारा उबदार डबा, म्हणजे पाखराला वाटतं सुगीच चाललीय. मग अंड्याचं कवच बनवायला कॅल्शियम लागतं ते मादी स्वतःच्या हाडातून काढते. खाण्यात नुसतं सूर्यफूल आणि बाजरी, त्यात कॅल्शियम किती असणार, म्हणजे जमा काहीच नाही आणि खर्च चालूच. आणि कॅल्शियम फक्त कवचाला लागत नाही, अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूला पण तेच लागतं, म्हणून एकाच वेळी कवच मऊ आणि कळ कमजोर, त्यात थंडी, झालं.

आता खरं सांगायचं तर माझा हात आखडला होता. पाच वर्षांपूर्वी अशीच एक बजरीची, म्हणजे त्या छोट्या रंगीत पोपटाची, मादी आली होती आणि मी बोटानं दाबून अंडं पुढं सरकवायला गेलो, ते आत फुटलं, दुसऱ्या दिवशी ती मेली. कोंबड्यांचं शिक्षण आम्हाला भरपूर मिळतं पण तीस-चाळीस ग्रॅमचा जीव हातात आला की ते शिक्षण अपुरं पडतं, हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून दाबायचं नाही हे पक्कं. घरी कुणी तेल लावून ओढायला किंवा चोळायला जाऊ नका, हात जोडून सांगतो. अंडं फुटून कवच आत टोचतं, नाहीतर अंड्याबरोबर आतली अंडनळी बाहेर येते.

मी छातीच्या मांसात कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली थोडं कोमट सलाईन, आणि काचेच्या पेटीत पिवळा बल्ब लावून आत ओल्या टॉवेलची वाटी ठेवली, थर्मामीटर ३० ते ३२ च्या मधे, वरून कापड टाकून अंधार. डोस इथं लिहीत नाही, वजनावर काढावा लागतो आणि चुकला तर हृदय थांबतं. मग वाट बघायची. नातेवाईक समोर बसलेले असतात, त्यांना वाटतं डॉक्टर काहीच करेना, आणि खरं तर त्या वेळी काही न करणं हेच काम असतं.

साडेदहाला लाईट गेली.

इन्व्हर्टर होता पण बॅटरी आदल्या महिन्यात बसलेली. पेटीतला पारा बघता बघता २७ वर आला. शेजारच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी आणलं, सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांत भरलं, टॉवेलात गुंडाळून पेटीच्या दोन्ही बाजूंनी लावलं, दर वीस मिनिटांनी बाटल्या बदलायच्या. मुलगा पळून पळून पाणी आणत होता. म्हातारी पेटीला पाठ लावून बसली, माझ्या अंगाची ऊब लागू द्या म्हणाली. त्यानं किती फरक पडला कोण जाणे पण मी तिला उठवलं नाही.

तेवढ्यात ताईंनी हळूच पिशवीतून दुसरा डबा काढला, थर्माकोलचा. "साहेब, हे पण बघा ना, घरी पाजायला कुणी नव्हतं म्हणून संगं आणलेत." आधीच्या वेताची तीन पिल्लं, साधारण तीन आठवड्यांची, पिसांच्या नळ्या फुटत असलेली, साळिंदरासारखी. दोन तोंड वासून ओरडायला लागली. तिसरं गप्प. त्याच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी, आम्ही क्रॉप म्हणतो ती, टम्म भरलेली आणि हाताला गार. दाबली तर मळलेल्या कणकेसारखी, बोटाचा खळगा तसाच राहिला. रात्री पाजलेलं सकाळी पण तिथंच. चांगल्या पिल्लाची पिशवी रात्रभरात पूर्ण रिकामी व्हायला पाहिजे.

रात्री लाईट गेली होती का विचारलं, तर हो, दोन ते पाच. बल्ब बंद, पिल्लू गार. गार पडलेलं पिल्लू पचवू शकत नाही, मग त्याला कितीही चांगली पावडर पाजा, ती पिशवीत आंबते. आणि पाजताना पावडर किती गरम असते विचारल्यावर ताई म्हणाल्या, बोटानं बघते. बोटावर भरवसा ठेवू नका. खाऊ ३९-४० डिग्रीला पाहिजे, थंड झाला की पिशवी थांबते आणि ४३-४४ च्या वर गेला की आतून भाजते, ते भाजणं आठवड्यानं दिसतं जेव्हा गळ्याला भोक पडून खाऊ बाहेर गळायला लागतो. शंभर-दीडशे रुपयाचा थर्मामीटर असतो, तो घ्या आणि वाटीत बुडवून ठेवा. पिल्लाला आधी ऊब दिली, मग थोडंसं कोमट पाणी, पिशवी बोटांनी हलके हलके फिरवली. तासाभरानं ती थोडी सैल पडली आणि पिल्लानं शिट केली. हिरवट पाण्यासारखी, पण केली.

बारा वाजून गेले होते. कापड उचलून बघितलं तर मादी जोर करत होती, आणि मागच्या जागेतून अंड्याचं टोक दिसत होतं, वर पातळ गुलाबी पडदा ताणलेला. दोन तास थांबलो होतो ते याच्यासाठी. मुलाला टॉर्च धरायला लावला. जेली लावून ओल्या कापसाच्या काडीनं तो पडदा कडेनं मागं सारला, आणि दिसणाऱ्या कवचातून सुई घालून आतलं बलक-पांढरं सिरिंजमध्ये ओढून घेतलं. कवच आत बसलं, भिजलेल्या कागदासारखं. हात सुईवर स्थिर ठेवायला मला श्वास रोखून धरावा लागला. मग तिनंच एक कळ दिली आणि सगळं एका तुकड्यात बाहेर आलं, पातळ, खरखरीत, कडेला कवच धरलेलंच नाही.

"सुटली माय," म्हातारी म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.

मादी अर्धा तास तशीच पडून होती. नंतर पाठीत मान खुपसून झोपली. लाईट आली तेव्हा तिनं एक राळ्याचा दाणा फोडला, तो कट्ट आवाज आम्ही चौघांनी ऐकला.

मग मी बोललो. डबा काढा, आज घरी गेल्या गेल्या. मादीला वेगळ्या पिंजऱ्यात, नरापासून लांब ठेवा, संध्याकाळी सहाला वरून कापड टाका म्हणजे दिवस लहान होईल. समुद्रफेण लावा, शेवग्याचा पाला रोज द्या, तो तर दारात फुकट मिळतो, मोड आलेले मूग, मेथी, आणि सकाळचं ऊन, काचेतून आलेलं नाही, उघड्यावरचं. घरी आधीची तीन अंडी होती, त्याचं काय विचारलं. दुसऱ्या जोडीनं पण त्याच आठवड्यात घातलेली, त्यांच्या खाली सरकवा म्हणालो, आणि आठवड्यानं मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघा, लाल शिरांचं जाळं दिसलं तर भरलेलं. कॉकटेल दुसऱ्याची अंडी सहसा उबवून घेतं. एरवी बसलेल्या मादीची अंडी अशी उचलू नयेत, ती भरपाई म्हणून परत घालते, रिकामी असली तरी एकवीस दिवस बसू द्यावं. इथं इलाज नव्हता, ती बसण्याच्या अवस्थेतच नव्हती.

ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दोन गिऱ्हाईकांचे ॲडव्हान्स घेतलेत साहेब, मशीनचा हप्ता पण त्यातूनच जायलाय."

मला याचं उत्तर लगेच देता आलं नाही. हप्ता खोटा नव्हता. मी म्हणालो, ही तीन पिल्लं आधी नीट वाढू द्या, त्यांना स्वतः दाणा फोडता येईपर्यंत विकू नका, सात-आठ आठवडे तरी, गिऱ्हाईक थांबेल. वर्षात दोनच वेळा पिल्लं घ्या आणि त्यातली निम्मी आई-बापाकडंच वाढू द्या. मार्चला तर डबे सगळ्या जोड्यांचे काढायचेच, आपल्याकडच्या ४२-४३ डिग्रीत डब्यात पिल्लं भाजून निघतात. त्यांनी मान हलवली. हिशोब बसतोय का नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

गप्प पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं, ताईंनी फोन करून सांगितलं. मला वाईट वाटलं, लाईटीच्या त्या तीन तासांनी गेलं ते. दुसरी दोन मोठी झाली. सरकवलेल्या तीन अंड्यांपैकी एक भरलं, दोन रिकामी निघाली.

मादी आता दांडीवर असते. ताई दर रविवारी तिला सोनाराच्या छोट्या काट्यावर बसवून फोटो पाठवतात, मागच्या वेळी ८९ होतं. डबा परत कधी लावू असं त्यांनी विचारलं तेव्हा मी पोळ्यानंतर बघू म्हणालो, आणि काटा ९५ च्या खाली असेल तर पोळा झाला तरी नाही. त्यांनी ते कॅलेंडरवर लिहून घेतलंय, सासूबाईंनी लिहायला लावलं म्हणे.